बोंबूचं डबकं आणि काफुए नदी

कान इकडे. डोळे इकडे.
आता आपण लांब जायचं. खूप लांब. समुद्राच्याही पलीकडे.

तिथे आहे आफ्रिका.
आफ्रिकेत आहे झांबिया नावाचा देश.
झांबियाला समुद्र नाही. एवढासुद्धा नाही.
पण नद्या आहेत!
एक झांबेझी. एक लुआंग्वा. एक काफुए.
झांबेझी सगळ्यांत थोरली. काफुए तिची धाकटी बहीण.

काफुएच्या काठावर होतं एक डबकं.
डबक्यात राहायचा बोंबू.
बोंबू म्हणजे बेडूक.
केवढा? लिंबाएवढा.
बोंबूला नऊ पिल्लं.
पिल्लांना पाय नव्हते. हात नव्हते. नुसत्या शेपट्या.
वळवळ वळवळ. वळवळ वळवळ.

नदीतून एक ओहोळ यायचा.
खुळखुळ खुळखुळ.
तो डबक्यात पाणी आणायचा. रोज आणायचा.

एक दिवस काय झालं?
नदीवर गाई आल्या. खूप गाई. लांब लांब शिंगांच्या.
गाई पाणी प्यायल्या. मान हलवली. घरी गेल्या.
पण त्यांच्या पायांनी काठाचा चिखल ढासळला.
फतक!
ओहोळाचं तोंड बुजलं.
खुळखुळ बंद.

डबकं आटायला लागलं.
सोमवारी पाणी होतं हातभर.
मंगळवारी पाणी होतं वीतभर.
बुधवारी पिल्लांच्या पाठी उघड्या पडल्या.

पिल्लं म्हणाली, "बाबा, बाबा, आमचं पाणी कुठे गेलं?"
बोंबूने कोरड्या ओहोळाकडे पाहिलं.
मग तो म्हणाला, "आणतो हं. सगळे मधोमध राहा. एकमेकांना चिकटून राहा. हा गेलो आणि हा आलो."

बोंबू निघाला.
टप्पक टप. टप्पक टप.

वाटेत भेटला ओहोळ.
"ओहोळभाऊ, ओहोळभाऊ, वाहा ना!
डबकं भरेना!"

ओहोळाच्या तोंडात चिखल. त्याला धड बोलताही येईना.
"गुळ गुळ गुळ. नाही रे बाबा," ओहोळ म्हणाला. "एवढा चिखल कोण फोडणार? आधी पाणघोडा येऊ दे. मग मी वाहीन."

"बरं," बोंबू म्हणाला.
टप्पक टप. टप्पक टप.

पाणघोडा चिखलात लोळत होता.
केवढा मोठा! काळा काळा. गोल गोल. जणू एखादी टेकडीच झोपली आहे.
"भुस्स! भुस्स!"

"पाणघोडेदादा, पाणघोडेदादा, उठा ना!
डबकं भरेना,
ओहोळ वाहेना!"

पाणघोड्याने एक डोळा उघडला.
"नाही रे बाबा. माझ्या पोटात कावळे ओरडतायत."
बोंबूने पाणघोड्याच्या पोटाला कान लावला. एकही कावळा ऐकू आला नाही. नुसतं गुर्र गुर्र.
"भूक लागलीय रे," पाणघोडा म्हणाला. "आधी हिरवं गवत खाऊ दे. मग मी उठेन."
आणि त्याने डोळा मिटला.
"भुस्स!"

"बरं," बोंबू म्हणाला.
टप्पक टप. टप्पक टप.

काठावर गवत होतं. पण सगळं पिवळं. सगळं वाळलेलं.
हिरवं गवत होतं एकाच ठिकाणी.
कुठे? होडीखाली!
होडी काठावर ओढून ठेवली होती. तिच्याखाली गवत आडवं झालं होतं.

"गवता रे गवता, उभं राहा ना!
डबकं भरेना,
ओहोळ वाहेना,
पाणघोडा उठेना!"

गवत हळूच बोललं, "सळ सळ. नाही रे बाबा. माझ्या पाठीवर होडी. माझी मान वाकली. आधी होडी हलू दे. मग मी डोलेन."

"बरं," बोंबू म्हणाला.
टप्पक टप. टप्पक टप.

होडी कुणाची? हामूंगा काकांची.
हामूंगा काका मासे धरायचे.
आता ते उंबराच्या झाडाखाली बसले होते. फाटलेलं जाळं शिवत होते. एक टाका. दोन टाके. तीन टाके.

"काका, काका, होडी हलवा ना!
डबकं भरेना,
ओहोळ वाहेना,
पाणघोडा उठेना,
गवत डोलेना!"

काकांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.
"अरे, तू होय! नाही रे बाबा. माझी होडी अख्ख्या झाडाच्या खोडाची. ही एवढी जड! आणि मी सकाळपासून उपाशी. हातात जोर कुठून आणू? आधी न्शिमा खाऊ दे. मग होडी हलवेन."

न्शिमा म्हणजे काय, माहीत आहे?
मक्याचं पीठ. उकळतं पाणी. ढवळायचं, ढवळायचं, खूप ढवळायचं.
मग होतो पांढरा शुभ्र, गरम गरम, मऊ मऊ गोळा. आपल्या उकडीसारखा.
तिथली माणसं रोज न्शिमा खातात. न्शिमा खाल्ला की पोट कसं भरल्यासारखं वाटतं!

"न्शिमा कोण करतं?" बोंबूने विचारलं.
"तुझी काकू करते. जा, तिला सांग."

"बरं," बोंबू म्हणाला.
टप्पक टप. टप्पक टप.

एक गोल झोपडी. तिच्यापुढे तीन दगडांची चूल.
चुलीपाशी बसली होती लुयांडो काकू. गालाला हात लावून.

"काकू, काकू, न्शिमा शिजवा ना!
डबकं भरेना,
ओहोळ वाहेना,
पाणघोडा उठेना,
गवत डोलेना,
होडी हलेना!"

"नाही रे बाळा," लुयांडो काकू म्हणाली. "पीठ आहे. चूल आहे. लाकडं आहेत. पण पाणी कुठाय? पाणवठ्यावर सुसर येऊन बसलीय. एवढं मोठं तोंड! मी कशी जाऊ? आधी सुसर सरकू दे. मग न्शिमा शिजवेन."

बोंबूचं तोंड एवढंसं झालं.
ऊन चढलं होतं. त्याची पाठ कोरडी पडली होती.
लुयांडो काकूने ते पाहिलं.
तिने घागर उपडी केली. घागरीत किती पाणी होतं? तीन थेंब.
टिप. टिप. टिप.
तिन्ही थेंब तिने बोंबूच्या पाठीवर सोडले.
"एवढंच आहे हो," ती म्हणाली. "जा आता. जपून जा."

"बरं," बोंबू म्हणाला.
टप्पक टप. टप्पक टप.

पाणवठ्यावर सुसर पडली होती.
लांब... लांब... लांब.
तोंड इकडे. शेपूट पार तिकडे.
बोंबू एका दगडामागे लपला.
धडधड धडधड. धडधड धडधड.
पुढे जाऊ? की मागे जाऊ?
त्याला पिल्लांची आठवण झाली. त्याने एक डोळा दगडाबाहेर काढला. मग दुसरा काढला.

"सुसरबाई, सुसरबाई, तुमची पाठ किती मऊ!"
पाठ कसली मऊ? खडबडीत होती. दगडासारखी! पण बोंबूचं काम होतं ना.

"सुसरबाई, सुसरबाई, सरका ना!
डबकं भरेना,
ओहोळ वाहेना,
पाणघोडा उठेना,
गवत डोलेना,
होडी हलेना,
न्शिमा शिजेना!"

सुसरीने जांभई दिली. आऽऽऽ! किती ते दात!
"नाही रे बाबा," ती म्हणाली. "माझे पाय आखूड. माझं पोट जड. मला चालायचा कंटाळा. मी आपली पोहते. पण पाणी बघ कुठे गेलंय! आधी नदी चढू दे. माझ्या पोटाला पाणी लागू दे. मग मी सरकेन."

"बरं," बोंबू म्हणाला.
टप्पक टप. टप्पक...

बोंबू दमला. मध्येच खाली बसला.
समोर काफुए नदी होती. रुंद रुंद. शांत शांत.
पलीकडचा काठ कुठे? दिसतच नव्हता.
बोंबूने मनात मोजलं.
पाणघोड्याला हवं गवत. काकांना हवा न्शिमा. सगळ्यांना आधी काहीतरी हवंच.
मग एवढ्या मोठ्या नदीला केवढं हवं असेल?
बोंबूकडे काय होतं? काहीच नव्हतं.
पण तिकडे डबक्यात पाणी किती उरलं असेल? बोटभर?

बोंबू उठला.
टप्पक टप. टप्पक टप.
पाण्याच्या अगदी कडेला गेला. मोठा श्वास घेतला. गाल फुगवले.

"काफुए माय, काफुए माय, वर चढ ना!
डबकं भरेना,
ओहोळ वाहेना,
पाणघोडा उठेना,
गवत डोलेना,
होडी हलेना,
न्शिमा शिजेना,
सुसर सरकेना!"

नदीने सगळं ऐकून घेतलं.
झुळ झुळ. झुळ झुळ.
मग ती म्हणाली, "बरं."

बोंबू बघतच राहिला.
"बरं?"
"बरं."
"पण... आधी काय?"
"आधी काही नाही," नदी म्हणाली.
"तुला काहीच नको?"

नदी हसली. पाण्यावर बारीक बारीक लाटा उठल्या.
"अरे, वरती लांब पाऊस पडून गेलाय. ते पाणी चालत चालत निघालंय. आज पोचेलच. ओढे मला देतात. मी तुला देते. उरलं की ताईला देते, झांबेझीला. मागत कधी बसू? मला तर वाहायचंय!"

आणि नदी चढायला लागली.
हळूहळू. गडबड नाही. घाई नाही.
एक बोट. दोन बोटं. तीन बोटं.
झाली एक वीत!

पाणी आलं सुसरीच्या पोटापाशी.
चुबुक. चुबुक.
"हं! आता कसं गार वाटलं," सुसर म्हणाली.
सुर्रर्र! ती पाण्यात शिरली. पोहत पोहत गेली. पार पलीकडच्या काठाला गेली.

बोंबू धावत लुयांडो काकूकडे आला. टप्पक टप, टप्पक टप!
"काकू, काकू!
नदी चढली,
सुसर सरकली!"

लुयांडो काकूने घागर उचलली. पाणवठ्यावर गेली. नीट चारी बाजूंनी पाहिलं. मग घागर बुडवली.
बुडुक बुडुक बुडुक.
आली घरी. चूल पेटवली. पाणी ठेवलं. पीठ घातलं. ढवळलं, ढवळलं, खूप ढवळलं.
फदफद फदफद.
पांढरा शुभ्र न्शिमा तयार!
काकूने ताट वाढलं. वर भाजलेला मासाही ठेवला.

बोंबू पुढे. काकू मागे. दोघं उंबराखाली आली.
"काका, काका!
नदी चढली,
सुसर सरकली,
न्शिमा शिजला!"

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. हात धुतले.
न्शिमाचा एक छोटा गोळा केला. अंगठ्याने दाबला. माशाला लावला. तोंडात टाकला.
"वा! वा!"
दुसरा गोळा. तिसरा गोळा. ताट चाटूनपुसून साफ.
काका उठले. होडीला खांदा लावला.
"हुप्पा! हुप्पा!"
होडी जरा हलली. पण पुढे जाईना.
"थांबा, मी पण येते," काकू म्हणाली.
तिने पदर खोचावा तसं कमरेला गुंडाळलेलं कापड वर खोचलं. होडीला दोन्ही हात लावले.
बोंबूनेही हात लावला. एवढा एवढासा हात!
"हुप्पा! हुप्पा! हुप्पा!"
खर्रर्र... छपाक!
होडी पाण्यात.

गवताने हळूच मान वर केली.
एक पातं. दोन पाती. सगळी पाती.
सळसळ सळसळ. सळसळ सळसळ.
"हुश्श! पाठ मोकळी झाली," गवत म्हणालं. "जा, पाणघोड्याला बोलाव. माझी मुळं जमिनीत आहेत. तो खाईल, मी पुन्हा उगवेन."

बोंबू पाणघोड्याकडे गेला. टप्पक टप, टप्पक टप!
"पाणघोडेदादा, पाणघोडेदादा!
नदी चढली,
सुसर सरकली,
न्शिमा शिजला,
होडी हलली,
गवत डोललं!"

पाणघोडा आला. थप थप थप थप.
गवत खाल्लं. कचर मचर. कचर मचर.
खूप खाल्लं. पोट टम्म फुगलं.
आणि मग?
मग पाणघोड्याने जांभई दिली. "आता जरा झोपतो," तो म्हणाला.

"नाही!" बोंबू म्हणाला.
तो पाणघोड्याच्या पायावर चढला. पायावरून पाठीवर चढला. पाठीवरून डोक्यावर चढला. अगदी कानापाशी गेला.
"दादा, माझी पिल्लं लहान आहेत. त्यांना अजून पाय नाहीत. पाणी संपलं तर ती कुठे जातील?"

पाणघोड्याचे दोन्ही डोळे उघडले.
"पिल्लं आहेत?" तो म्हणाला. "अरे, मग आधी नाही का सांगायचं!"
"सांगितलं ना! डबकं भरेना म्हणालो ना!"
"मला वाटलं, तुलाच पोहायचंय. धर घट्ट!"

बोंबूने पाणघोड्याचा कान धरला.
निघाली स्वारी! थप थप थप थप.
ओहोळाचं तोंड आलं. चिखल केवढा! पाणघोड्याने डोकं खाली घातलं.
एक धक्का. धप्प!
दुसरा धक्का. धप्प!
तिसरा धक्का. धप्प! आणि... फुस्स!
चिखल फुटला.

ओहोळाने आधी खाकरलं. मग थुंकलं. मग चूळ भरली.
आणि मग...
खुळखुळ खुळखुळ! खुळखुळ खुळखुळ!
नदीचं पाणी ओहोळात. ओहोळाचं पाणी पुढे. पाण्याच्या पुढे बोंबू.
टप्पक टप, टप्पक टप, टप्पक टप!

डबक्यात पाणी उरलं होतं बोटभरच.
पिल्लं मधोमध होती. एकमेकांना चिकटून होती. हलत नव्हती.
"आलो रे! आलो!" बोंबू ओरडला.

खुळखुळ खुळखुळ.
पाणी आलं पिल्लांच्या पोटाला. पाणी आलं पिल्लांच्या पाठीला. पाणी आलं डोक्यावर.
एका पिल्लाची शेपटी हलली.
मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची.
बोंबूने मोजलं. चार, पाच, सहा, सात, आठ...
आणि नववं?
नववं कुठाय?
बोंबू पाण्यात शिरला. इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
एका पानाखाली काहीतरी हललं.
वळ... वळ...
वळवळ वळवळ!
ते बघा नववं!

बोंबूने मोठा श्वास सोडला. गाल फुगवले. आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं गायला लागला.
"डराँव! डराँव!
नदी चढली,
सुसर सरकली,
न्शिमा शिजला,
होडी हलली,
गवत डोललं,
पाणघोडा उठला,
ओहोळ वाहिला,
डबकं भरलं!
डराँव!"

पिल्लं बाबाभोवती गोल गोल फिरली.
नववं पिल्लू जवळ आलं. त्याने विचारलं, "बाबा, हे पाणी कुणी दिलं?"
"काफुए मायने."
"मग ती इथे का नाही थांबली?"
"तिला पुढे जायचंय."
"पुढे कोण आहे?"
बोंबूने विचार केला.
"असेल कुणीतरी," तो म्हणाला. "आपल्यासारखंच कुणीतरी वाट बघत असेल."

नदी गेली झांबेझीला,
गोष्ट आली आपल्या घराला.